समाज विज्ञानाच्या पेपरात या चुका टाळा: प्रश्न शेवटपर्यंत वाचा

प्रिपरेटरीचे, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेचे, पेपर तपासून वर्गात वाटले की एक तक्रार हमखास येते. "सर, सगळं लिहिलंय की! मग चारात दोनच का?" सगळं लिहिलंय, हीच तर अडचण. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मुलांचं पाठांतर चांगलं असतं. गुण जातात ते प्रश्नाच्या शेवटच्या शब्दावर. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि पोरं तिथवर पोहोचतच नाहीत. ‘कित्तूर’ दिसलं की पेन सुरू.

कित्तूरच घेऊ, म्हणजे राणी चन्नम्माचं संस्थान. ‘कित्तूरच्या लढ्याचे वर्णन करा’, ‘कित्तूर आणि इंग्रज यांच्यात संघर्ष का झाला?’ आणि ‘संगोळ्ळी रायण्णावर टीप लिहा’ (रायण्णा म्हणजे राणीचा शिलेदार) हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पण तिन्हींना उत्तर एकच येतं, राणी चन्नम्माच्या काकतीतल्या जन्मापासून सुरू होणारं.

वर्णन मागितलं असेल तर घटना क्रमाने सांगायच्या. ऑक्टोबर 1824 मध्ये धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरवर चालून आला आणि मारला गेला. डिसेंबरात इंग्रज जादा फौज घेऊन आले, किल्ला पडला, राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं. इथे ‘मग काय झालं’ एवढंच सांगायचं असतं.

‘का’ विचारलं की लढाई बाजूला ठेवा. कित्तूरचा राजा शिवलिंगरुद्र सर्जाला मूल नव्हतं, म्हणून शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं. थॅकरेने ते दत्तक मान्य केलं नाही, त्यामुळे संस्थान खालसा होण्याची वेळ आली, त्यामुळे राणीपुढे शस्त्र उचलण्याशिवाय मार्ग उरला नाही. लिहिलेल्या दोन वाक्यांमध्ये ‘त्यामुळे’ घालून बघा. बसला तर ते कारण. नुसता ‘मग’ बसत असेल तर तुम्ही अजून वर्णनच करताय. याच प्रश्नात आणखी एक खड्डा आहे: दत्तक म्हटलं की पोरं डलहौसीला आणतात, दत्तक वारस नामंजूर करून संस्थानं खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरलला. डलहौसी भारतात आला 1848 मध्ये, म्हणजे कित्तूरनंतर 24 वर्षांनी. गाईडमधली दोन प्रकरणं डोक्यात एक झाली की असं होतं.

रायण्णाच्या टिपेत राणी एका वाक्यापुरती. कित्तूर पडल्यावर त्याने गनिमी काव्याने चालवलेली लढाई, शिवलिंगप्पाला गादीवर बसवण्याचा प्रयत्न आणि 1831 मध्ये नंदगडला दिलेली फाशी, एवढं नेमकं आलं की टीप झाली. नंदगडवरून रोज एसटीने शाळेला येणारी मुलंसुद्धा इथे राणीचीच गोष्ट लिहितात, याचं मला नवल वाटतं.

भूगोलात ‘कारणे द्या’ला मुलं प्रश्नच फिरवून लिहितात. ‘खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस जास्त, अथणीला कमी. कारणे द्या.’ उत्तर येतं: खानापूर पावसाचा भाग आहे आणि अथणी दुष्काळी आहे. अहो, तेच तर विचारलंय! अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीच्या बाजूला पाऊस सांडतात. पूर्वेकडे उतरताना त्यांच्यात बाष्प कमी उरतं, हवा तापते, म्हणून अथणी पर्जन्यछायेत येतं. वाऱ्याचा रस्ता सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही.

‘फरक स्पष्ट करा’चं थोडक्यात सांगतो. खरिपाची पेरणी कधी ते लिहिलं, तर समोर रब्बीचीही पेरणीच यायला हवी. डावीकडे जून-जुलै आणि उजवीकडे शाळू, हरभरा ही पिकं, हा फरक नव्हे.

‘चर्चा करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ हे आपल्या भागातल्या मुलांना विशेष जड जातं, विशेषतः भाषावार प्रांतरचनेवर. घरात, चौकात या विषयावर इतकं ऐकलेलं असतं की उत्तराचं भाषण होतं. तपासणारा भाषणाला गुण देत नाही, तो बाजू आणि पुरावे शोधतो. 1953 चा फाजल अली आयोग (राज्य पुनर्रचना आयोग) आणि 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा, ज्याने 14 राज्ये आणि 6 केंद्रशासित प्रदेश झाले, ही झाली माहिती. लोकांच्या भाषेत कारभार आणि शिक्षण सोपं झालं, ही एक बाजू. रेषा कुठेही आखली तरी तिच्या अलीकडे-पलीकडे भाषिक अल्पसंख्याक उरतात, ही दुसरी. कर्नाटकात मराठीतून पेपर लिहिणारा विद्यार्थी स्वतःच या दुसऱ्या बाजूचं उदाहरण आहे. ते एका वाक्यात, न चिडता लिहावं. ‘मूल्यमापन’ असेल तर शेवटी आपला निष्कर्षही हवा, आणि तो वर लिहिलेल्यातूनच निघायला हवा. ‘चर्चा करा’ला दोन्ही बाजू नीट आल्या तरी पुष्कळ झालं.

‘नावे लिहा’ला नावंच लिहायची. एका गुणासाठी अर्धं पान भरणारी मुलंच शेवटी चार गुणांचा प्रश्न सोडून उठतात. पेपर वाचायला मिळणाऱ्या 15 मिनिटांत प्रत्येक प्रश्नाचं क्रियापद आणि त्यापुढचे गुण एवढं तरी बघून घ्या. नकाशाचंही तसंच. भारताचा आराखडा काढताना गुजरातचा किनारा चार वेळा खोडतात, ठिकाणी ठळक टिंब देतात आणि शेजारी नाव लिहायचं विसरतात.