दाट धुक्यात गाडी कशी चालवावी

धुक्यात गाडी चालवताना एकच हिशेब सतत मनात ठेवायचा: आत्ता समोर जेवढं दिसतंय, तेवढ्या अंतरात माझी गाडी थांबेल का?

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरला तरी ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर गेलेले असतात. ओल्या रस्त्यावर पुढे गाडी थांबायला आणखी २५-३० मीटर. म्हणजे एकूण पन्नास-पंचावन्न. हाच आकडा ८० च्या वेगाला ८० मीटरच्या वर जातो आणि ४० च्या वेगाला ३० च्या आसपास येतो. दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली आली की हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं; पण दाट धुक्यात ती ५० मीटरच्याही खाली जाते. तिथे ६० चा वेगसुद्धा जास्तच आहे.

१. निघायची वेळ बदलता येते का पाहा

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन ओली असेल, तर रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार होते आणि हवेतल्या बाष्पाचं धुकं होतं. असं धुकं बहुधा पहाटे आणि सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत दाट असतं. ऊन तापलं की ते विरतं. म्हणून दोन तास उशिरा निघणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. निघावंच लागलं, तर जिथे पोचायचं आहे तिथे आधीच फोन करून ‘उशीर होईल’ असं सांगून टाका. डोक्यातली घाई गेली की उजव्या पायातलीही जाते.

काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसा. आतल्या बाजूला साचलेला चिकट थर एरवी जाणवत नाही, पण धुक्यात समोरून प्रकाश आला की पूर्ण काच पांढरी दिसते. वायपरच्या टाकीत पाणी आहे ना, तेही बघून घ्या.

२. लाइट डिपरवर ठेवा

अंधुक दिसायला लागलं की हात आपोआप अप्परकडे, म्हणजे लांब पडणाऱ्या झोताकडे जातो. तो आवरा. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा झोत या थेंबांवर आदळून आपल्याच डोळ्यांवर परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपरचा झोत खाली रस्त्यावर पडतो. पुढचे फॉग लॅम्प त्याहून खाली बसवलेले असतात आणि त्यांचा प्रकाश रुंद, चपटा पसरतो. त्यामुळे जवळचा रस्ता आणि कडेची रेघ उजळते. पिवळा प्रकाश धुक्याला भेदून जातो असं बरेच जण मानतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा काय, पांढरा काय, दोन्ही सारखेच विखुरतात. उपयोग होतो तो दिवा खाली असण्याचा.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार लोकांचं लक्ष जात नाही. लाइटचं बटण ‘ऑटो’वर ठेवून निश्चिंत राहू नका. तो सेन्सर बाहेरचा उजेड मोजतो. दिवसाचं धुकं पांढरं आणि उजळ असतं, त्यामुळे गाडीला लाइट लावायची गरज वाटत नाही. पुढे दिवसा जळणारे छोटे दिवे चालू असतात, डॅशबोर्ड उजळलेला असतो, म्हणून आपल्याला वाटतं लाइट चालू आहेत. अनेक गाड्यांत त्या वेळी मागचे लाल दिवे मात्र बंदच असतात. करड्या धुक्यातली करडी गाडी, आणि मागे एकही दिवा नाही! त्यामुळे डिपर स्वतःच्या हाताने लावा. शक्य झालं तर एकदा खाली उतरून, गाडीभोवती चक्कर मारून मागचे दिवे डोळ्यांनी पाहा.

चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाऊ नका. बहुतेक गाड्यांत मग वळण्याचा इशारा देता येत नाही, आणि मागच्याला गाडी उभी आहे की चालती आहे ते कळत नाही. समोर वाहनं अचानक थांबलेली दिसली, तर मागच्याला सावध करण्यापुरते क्षणभर लावणं वेगळं.

३. काचेवरचं धुकं

आधी बोट फिरवून बघा. आतून रेघ उमटली, तर दमटपणा आतला आहे: एसी लावा, हवेचा रोख काचेकडे करा आणि बाहेरची हवा आत घ्या. एसी आतल्या हवेतलं बाष्प काढून घेतो, म्हणून थंडीतही तो लावायचा. तापमान हवं तर वाढवा. काच बाहेरून धूसर झाली असेल, तर वायपर फिरवा. तेव्हा काचेवर गार हवा सोडू नका, ती जितकी गार होईल तितकं बाहेर बाष्प जमेल.

४. चार सेकंद मोजा

कडेचा किलोमीटरचा दगड, झाडाचं खोड, असं दिवा नसलेलं काहीतरी धुक्यातून दिसू लागलं की मोजायला लागा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार. चार मोजायच्या आत त्याच्यापाशी पोचलात, तर वेग जास्त आहे. कमी करा आणि पुन्हा मोजा. वर दिलेला थांबण्याचा हिशेब या चार सेकंदांत बसतो. वेगाच्या काट्यावरही नजर टाकत राहा, कारण आजूबाजूच्या खुणा पुसल्या गेल्या की वेगाचा अंदाज चुकतो. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, बंद ठेवा. ओव्हरटेक करायचंच नाही.

रस्त्याची आपल्या बाजूची कडेची रेघ धरून चला. मधली रेघ धरली, तर समोरून येणाराही तीच धरून येत असेल.

५. पुढच्याच्या लाल दिव्यांवर विसंबू नका

एका पहाटे मी तासभर एका ट्रकच्या मागे होते. दोन लाल ठिपके, तेवढाच माझा रस्ता. मध्येच चाकांखालचा आवाज बदलला, खडी वाजल्यासारखा, आणि ठिपके ढळढळीत मोठे झाले. मी ब्रेक दाबला. ट्रक एका मोकळ्या आवारात शिरून थांबला होता आणि मीही त्याच्यामागे रस्ता सोडून आत गेले होते. रस्ता सुटल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं. तो खड्ड्यात गेला असता तर मीही गेले असते. पुढच्या दिव्यांशी नातं जुळलं की आपण रस्ता बघायचं सोडतो, आणि ते दिवे दिसत राहावेत म्हणून त्याच्या जवळ जवळ जात राहतो. म्हणून अंतर वाढवा. पुढचं वाहन एखाद्या खांबाजवळून गेल्यावर आपण चार सेकंदांनी तिथे पोचायला हवं.

मागचा चिकटून येत असेल, तरी वेग वाढवू नका. ब्रेक हलकेच, दोनतीनदा लावा म्हणजे लाल दिवा त्याला आधीच दिसेल. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९९० च्या डिसेंबरमध्ये कॅल्हूनजवळच्या महामार्गावर ९९ वाहनं धुक्यात एकमेकांवर आदळली आणि १२ माणसं गेली. मागून येणाऱ्यांना पुढे काय झालंय ते वेळेत दिसलंच नाही. त्यानंतर तिथे वेगमर्यादा बदलणाऱ्या पाट्या आणि रस्ता बंद करणारी फाटकं बसवली गेली.

६. चौकात कान वापरा

गाणी बंद, काच थोडी खाली. समोरची वाहतूक ओलांडून वळायचं असेल, तर पूर्ण थांबा, दोन्हीकडून आवाज घ्या, छोटा हॉर्न द्या आणि मगच वळा. जरा पुढे जाऊन सुरक्षित जागी वळता येत असेल, तर तेच करा. शेजारी कोणी बसलं असेल, तर फोनवरचा नकाशा त्याच्याकडे द्या. पुढचं वळण त्याने आधी सांगावं.

७. थांबायचं असेल तर रस्त्यावर नको

दिसेनासं झालं की जागच्या जागी ब्रेक मारून उभं राहणं सगळ्यात घातक. सावकाश पुढे जात राहा आणि पेट्रोल पंप किंवा वाहनतळ येईल तिथे आत घ्या. रस्त्यापासून पूर्ण बाजूला गेलात, की हेडलाइट आणि मागचे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा; नाहीतर तेच लाल दिवे बघून कोणीतरी मागे येईल. साइडपट्टीवरच थांबावं लागलं, तर चारही इंडिकेटर चालू ठेवा. धडक झालीच, तर दोन गाड्यांच्या मधे उभं राहू नका. सगळ्यांना घेऊन कठड्यापलीकडे, रस्त्यापासून लांब जा आणि मग फोन करा.

दुचाकीवर असाल, तर व्हायझर किंचित उघडा ठेवा, चमकणारी पट्टी असलेलं जाकीट घाला आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक लावू नका, चाक घसरतं.

८. धुकं विरलं की

मागचा फॉग लॅम्प लावला असेल, तर बंद करा. तो टेल लाइटपेक्षा खूप प्रखर असतो. स्वच्छ हवेत मागच्याचे डोळे दिपवतो आणि त्याच्या शेजारी ब्रेक लाइट लागल्याचं कळत नाही. वेग मात्र लगेच वाढवू नका. धुकं तुकड्यातुकड्यांनी असतं. पुढे उतार, नदी किंवा तलाव असेल, तर तिथे ते पुन्हा साचलेलं सापडेल.