क्लाउडवर जीनोम विश्लेषण : या चुका टाळा

क्लाउडचं बिल बहुतेक वेळा फुगतं ते डेटा चुकीच्या जागी पडून राहिल्याने. गोव्यात ताळगाव पठारावर किंवा बांबोळीत बसून काम करणारे सवयीने मुंबई रिजन (क्लाउड कंपनीचं मुंबईतलं डेटा केंद्र) निवडतात. आपलेच नमुने असतील तर ते योग्यच. पण १००० जीनोम्स या खुल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा अ‍ॅमेझॉनवरचा डेटा अमेरिकेत, उत्तर व्हर्जिनियात आहे. तो वापरायचा तर मशीन तिथेच सुरू करा आणि शेवटची व्हीसीएफ फाइल (डीएनएमधल्या फरकांची यादी) तेवढी इकडे आणा. रुग्णांचे नमुने मात्र संमतिपत्र आणि एथिक्स कमिटीची मंजुरी पाहिल्याशिवाय देशाबाहेर पाठवू नका.

अपलोडला कमी वेळ धरणं ही दुसरी चूक. एका माणसाच्या ३०एक्स (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचलेल्या) जीनोमच्या दाबलेल्या फास्टक्यू फाइल (सिक्वेन्सरमधून आलेला कच्चा डेटा) साधारण ६० ते १०० जीबी भरतात. २० एमबीपीएस अपलोडवर १०० जीबी चढायला किमान ११ तास लागतात, आणि पावसाळ्यात मध्येच वीज गेली की काम तुटतं. ब्राउझर टाळा, कमांड लाइनवरून सिंक ही आज्ञा वापरा. सिंक पूर्ण चढलेल्या फाइल वगळतं, अर्धवट फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवतं. म्हणून सगळं एका मोठ्या फाइलमध्ये न जोडता सिक्वेन्सरच्या लेननुसार (पट्ट्यांनुसार) फाइल वेगळ्या ठेवा. मोठी फाइल तुकड्यांनी चढते, त्याला मल्टिपार्ट म्हणतात. अर्धवट राहिलेले तुकडे बकेटच्या (क्लाउडवरच्या साठवणीच्या कप्प्याच्या) नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचे पैसे लागत राहतात. ७ दिवसांनी ते आपोआप पुसणारा लाइफसायकल नियम बकेटला लावाच. मल्टिपार्ट फाइलला बकेटमध्ये मिळणारा ईटॅग हा एमडी५ (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासायचा आकडा) नसतो, त्याच्याशी पडताळणी करू नका.

स्पॉट मशीन (कंपनीकडे रिकामं असलेलं, ती कधीही परत घेऊ शकते असं) स्वस्त पडतं, पण काढून घेण्याआधी अ‍ॅमेझॉन २ मिनिटांचीच सूचना देतं. विश्लेषणाच्या पायऱ्या क्रमाने चालवणाऱ्या नेक्स्टफ्लोची वर्क डिरेक्टरी (मधले निकाल ठेवायची जागा) बकेटमध्ये ठेवा आणि त्याची मुख्य प्रक्रिया ऑन-डिमांड मशीनवर (पूर्ण दराच्या, मध्येच काढून न घेतल्या जाणाऱ्या) चालवा. दोन्ही स्पॉटच्या डिस्कवर असतील तर तुटलेलं काम पुढे चालू करणाऱ्या रिझ्युमला धरायला काहीच उरत नाही.

जॉब १३७ कोड देऊन मेला, तर बहुधा मेमरी संपलेली असते. जुळवलेले डीएनए तुकडे क्रमाने लावणाऱ्या सॅमटूल्स सॉर्टमधला मेमरीचा आकडा प्रत्येक थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या धाग्याला) लागू होतो : ४ जीबी आणि १६ थ्रेड म्हणजे ६४ जीबी. मोठं मशीन घेण्याआधी हा गुणाकार करा.

चालू डेटा ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये (क्वचित लागणाऱ्या डेटाच्या स्वस्त साठवणीत) टाकू नका. १८० दिवसांआधी पुसलं तरी उरलेल्या दिवसांचं भाडं लागतं, आणि परत मिळायला नेहमीच्या (स्टँडर्ड) पद्धतीनेही १२ तासांपर्यंत थांबावं लागतं. बंद केलेल्या मशीनच्या डिस्कचं भाडंही चालूच राहतं. प्रकल्प संपला की त्या वेगळ्या पुसा.