होतकरू बेसबॉलपटूंची पारख : ओरिओल्सच्या मायनर लीगमधला माझा अनुभव

नोकरीनिमित्त मेरीलँडमध्ये आल्यावर मी बाल्टिमोर ओरिओल्स या मेजर लीगमधल्या (बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधल्या) संघाच्या मायनर लीगमधील, म्हणजे त्याच्या हाताखालच्या संघांतील, होतकरू खेळाडूंची टिपणे हौस म्हणून काढू लागलो आणि पुढे तेच काम एका छोट्या क्रीडापत्रासाठी मानधनावर करू लागलो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला या कामात कुठे ठेच लागते, हे मला चांगलेच ठाऊक आहे. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

माझी पहिली यादी मी फलंदाजीच्या सरासरीच्या (बेसबॉलमध्ये यशस्वी फटके भागिले प्रयत्न) उतरत्या क्रमाने लावली होती. संपादकांनी पहिल्या नावावर बोट ठेवून एवढेच विचारले, "याचं वय किती?" तो पंचवीस वर्षांचा होता आणि ओरिओल्सच्या अ‍ॅबरडीन या खालच्या संघात आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असलेल्या पिचरांना (चेंडू टाकणाऱ्यांना) झोडपत होता. दहावीच्या मुलाने सातवीच्या वर्गात पहिला नंबर काढण्यासारखाच तो प्रकार होता.

२०२१ च्या पुनर्रचनेपासून मेजर लीगमधील तीसही संघांच्या हाताखाली पूर्ण मोसम खेळणारे प्रत्येकी चार संघ असतात. त्या काळी ओरिओल्सची शिडी डेलमार्वा, अ‍ॅबरडीन, बोवी आणि नॉरफोक अशी चढत जाई. तिसऱ्या पायरीवरच्या, म्हणजे डबल-ए मधल्या फलंदाजाचे सरासरी वय चोवीसच्या आसपास असते. त्यामुळे तिथे वीस वर्षांचा मुलगा बेताची सरासरी राखत असेल, तरी तो सव्विशीतल्या शतकवीरापेक्षा (जुनी सवय, शब्द सुटत नाही) अधिक मोलाचा ठरतो.

खेळाडूचे गुण २० ते ८० या मापावर देतात. त्यात ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. प्रत्येक गुणापुढे आजचा आणि अपेक्षित असे दोन आकडे लिहितात, उदाहरणार्थ ४०/६०. खरी परीक्षा दुसऱ्या आकड्याची असते. धावण्याचा वेग त्यातल्या त्यात सोपा, कारण तो घड्याळावर मोजता येतो: चेंडू बॅटला लागल्यापासून पहिल्या बेसवर (धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर) पाय पडेपर्यंत उजव्या फलंदाजाला ४.३ सेकंद लागले, तर त्याला ५० गुण. डावखुरा फलंदाज बेसच्या पाऊलभर जवळ उभा असतो, म्हणून त्याच्यासाठी हेच माप ४.२ सेकंदांचे आहे. मी वर्षभर दोघांना एकच माप लावले आणि माझ्या वहीतले सगळे डावखुरे हरणासारखे धावू लागले.

फटका मारण्याची कुवत मात्र घड्याळात सापडत नाही. बोवीच्या मैदानावर मी सुरुवातीचे दोन-तीन डाव होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे, चेंडूचा वेग मोजणारी रडारगन घेतलेल्या स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांच्या, रांगेत बसतो, कारण चेंडू किती वळला हे तिथूनच दिसते. मग उजव्या फलंदाजाचे हात आणि पुढचा पाय पाहण्यासाठी पहिल्या बेसच्या बाजूला जातो. दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बाद, तोच स्ट्राइकआउट) बाहेर आणि खाली निसटणारा स्लायडर हा वळणारा चेंडू आला की तो काय करतो, एवढेच मी तेव्हा टिपतो: बॅट थांबली, की खांदा आधीच उघडला? एका संध्याकाळी असे चार-पाचच चेंडू मिळतात, त्यामुळे एका सामन्यावरून मत बनवू नये. पिचरांच्या बाबतीत भरवशाचा तिसरा प्रकारचा चेंडू आहे का आणि कोपर शाबूत आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

मैदान आणि नियमही आकडे फुगवतात. २०२३ साली ट्रिपल-ए मधल्या, म्हणजे नॉरफोकच्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या, निम्म्या सामन्यांत चेंडू स्ट्राइक की बाहेरचा हा निर्णय यंत्र देत होते, उरलेल्या सामन्यांत पंचांच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागता येत होती, आणि तिथे वॉकचे (चार चेंडू बाहेर पडल्यावर फलंदाजाला मिळणाऱ्या फुकटच्या पहिल्या बेसचे) प्रमाण बरेच वाढलेले होते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या कार्यक्रमात) पहिला निवडला गेलेला जॅक्सन हॉलिडे २०२३ च्याच मोसमात, एकोणिसाव्या वर्षी, डेलमार्वापासून नॉरफोकपर्यंत चारही पायऱ्या चढला आणि त्याची एकूण सरासरी ०.३२३ राहिली. नॉरफोकमधल्या त्याच्या वॉकवर मी डोळे मिटून भरवसा ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये येताच तो ३४ प्रयत्नांत दोनदाच यशस्वी फटका मारू शकला, अठरा वेळा स्ट्राइकआउट झाला आणि परत नॉरफोकला गेला. ३१ जुलैला तो परतला आणि त्याच सामन्यात त्याने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारला. त्या दिवशी मला फोनवर फोन आले, तरी मोसमाअखेर त्याची सरासरी ०.१८९ च होती.

त्या हिवाळ्यात मी त्याच्या फलंदाजीपुढचा आजचा आकडा खाली आणला आणि अपेक्षित आकडा होता तसाच ठेवला. संपादकांनी कारण विचारले. मी म्हणालो, "वय वीस."