घरी जोडलेल्या संगणकावर विंडोज बसत नाही तेव्हा

सुटे भाग आणून घरी संगणक जोडला, पंखे फिरले, पडद्यावर मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह उमटले आणि नेमकी ऑपरेटिंग सिस्टम बसवताना गाडी अडली, की नागपुरातला माणूस सहसा कॅबिनेट उचलून थेट सीताबर्डीची बाजारपेठ गाठतो. दुकानदार आपल्याजवळच्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकूनही देतो. परंतु बिघाड कशात होता हे कळलेले नसते, आणि तो रॅममध्ये असला तर थोड्याच दिवसांत विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा पुन्हा दर्शन देतो. हा हेलपाटा बहुतेक वेळा टाळता येतो. त्यासाठी ‘काय संदेश आला’ यापेक्षा ‘काम कोणत्या टप्प्यावर थांबले’ हा प्रश्न आधी विचारावा, कारण पडद्यावरील संदेश अनेकदा मोघम किंवा दिशाभूल करणारा असतो, तर टप्पा मात्र संशयितांची यादी दोन-तीन भागांवर आणून ठेवतो.

कामाला लागण्यापूर्वी दोन पथ्ये ठरवून घ्यावीत. प्रत्येक संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा प्रयत्न करावा. रॅम हलवली, पेनड्राइव्ह बदलला आणि बायॉसमधील (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांमधील) चार पर्याय फिरवले, असे सगळे एकदम केले तर यश आले तरी कशामुळे आले हे समजत नाही, आणि अपयश आले तर गुंता वाढतो.

पहिला मुक्काम बायॉस

संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहिल्यास बायॉसचा पडदा उघडतो. तोच उघडत नसेल तर विंडोजचा विषय दूर आहे. अशा वेळी प्रोसेसरजवळची आठ पिनांची वीजजोडणी राहिली आहे का, आणि मॉनिटरची केबल योग्य जागी आहे का, हे पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी एफ हे अक्षर आहे त्यांत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टला लावलेली केबल काहीच दाखवत नाही; ती ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते. डीडीआर-५ रॅम असलेली यंत्रे पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे काळा पडदा दाखवतात. त्या अवधीत यंत्र रॅमशी जुळवून घेत असते, म्हणून घाबरून वीज बंद करू नये. बऱ्याच मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांसाठी चार बारीक दिवे असतात. त्यांपैकी कोणता पेटून राहिला आहे हे पाहिले की शोध तिथूनच सुरू करता येतो.

बायॉस उघडल्यावर पहिल्याच पानावर रॅमचा आकडा पाहावा. १६ जीबीच्या दोन पट्ट्या लावूनही ३२ ऐवजी १६ दिसत असतील, तर एक पट्टी नीट बसलेली नाही. वीज बंद करून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून (एप्रिल-मेमधील नागपूरच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचणे अगदी सहज घडते) पट्टी काढावी आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देत, खाच जुळवून, खटका ऐकू येईपर्यंत बसवावी. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, आणि दुसरी बाजू वरवर बसल्यासारखी दिसूनही अर्धा मिलिमीटर वर राहिलेली असते. सोनेरी पट्ट्यांची रेघ खोबणीच्या वर एका बाजूला जास्त दिसते का, हे टॉर्च धरून पाहिले की ते लगेच लक्षात येते. चार खोबण्या असतील आणि पट्ट्या दोनच असतील, तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खोबण वापरावी.

त्याच पानावर प्रोसेसरचे तापमान असते. बाहेर पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या दुपारी खोलीच तापलेली असल्यामुळे हा आकडा हिवाळ्यापेक्षा जास्त दिसणार, त्याची चिंता नको. पण नुसत्या बायॉसच्या पानावर बसल्या बसल्या तो चढत ८०-९० अंशांवर पोहोचत असेल, तर प्रोसेसरच्या कूलरखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहून गेला आहे किंवा त्याचा एखादा कोपरा घट्ट बसलेला नाही, असे समजावे. अशा यंत्रावर विंडोजच्या फाइली उलगडताना प्रोसेसरवर ताण येतो आणि यंत्र मध्येच बंद पडते. यावर उपाय म्हणून उघडा कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या झोतासमोर ठेवण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये. तो झोत ओलसर असतो आणि कधी कधी त्यातून पाण्याचे थेंबही उडतात.

तारीख आणि वेळ चुकीची असल्यास ती दुरुस्त करावी, कारण पुढे इंटरनेटवरील सुरक्षित जोडण्या त्यामुळे नाकारल्या जातात. प्रत्येक वेळी वीज काढल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरील सीआर-२०३२ हा नाणेवजा सेल बदलावा. शेवटचे म्हणजे, रॅमचा वेग वाढवणारा एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय विंडोज बसेपर्यंत बंदच ठेवावा. वेगवान रॅमसाठी पैसे मोजलेल्या माणसाला हे पटत नाही, पण फाइली उतरवताना येणाऱ्या त्रुटी या एका बदलाने थांबल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पेनड्राइव्हवर संशय आधी घ्यावा

यंत्र पेनड्राइव्हवरून सुरूच होत नसेल, किंवा सुरू होऊन ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असे म्हणत असेल, तर दोष बहुधा पेनड्राइव्हचा असतो. तो संदेश वाचून लोक तासन्‌तास ड्रायव्हर शोधत बसतात. प्रत्यक्षात पेनड्राइव्ह नीट वाचला जात नसला तरी हाच संदेश येतो. पेनड्राइव्ह काढून तो कॅबिनेटच्या पुढच्या भागात न लावता मागच्या बाजूला, शक्यतो यूएसबी २.० च्या पोर्टला लावला तरी पुष्कळदा काम भागते.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा असावा आणि मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किंवा रुफस या प्रोग्रामने तयार करावा. आयएसओ फाइल (सेटअपची एकत्र बांधलेली प्रत) नुसती उचलून त्यावर टाकल्याने तो बूट होत नाही. रुफस वापरताना पार्टिशनची (डिस्कचे भाग पाडण्याची) पद्धत जीपीटी आणि लक्ष्य यूईएफआय (बायॉसचा नवा प्रकार) निवडावे. आयएसओ स्वतंत्रपणे उतरवली असेल तर तिचा एसएचए-२५६ हा ठसा तपासावा: दुसऱ्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा हॅशफाइल पर्यायासह, शेवटी एसएचए२५६ लिहून, चालवली की अक्षर-अंकांची लांब ओळ मिळते, ती मायक्रोसॉफ्टच्या पानावरील ओळीशी जुळली पाहिजे. नेटवर्क मध्येच तुटून फाइल अर्धवट उतरली असेल तर ते इथे उघड होते. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या, ६४ जीबी लिहिलेल्या पण प्रत्यक्षात त्याच्या अंशाइतकीच जागा असलेल्या पेनड्राइव्हपासूनही सावध राहावे. त्यावर लिहिलेले दिसते, पण वाचताना ते सापडत नाही.

बूट मेनूची कळ आसूसच्या बोर्डांवर एफ-८, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ-११, तर गिगाबाइटवर एफ-१२ असते. या यादीत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी यूईएफआय असे लिहून. नेहमी दुसरी नोंद निवडावी. पहिली निवडल्यास सेटअप जुन्या पद्धतीने सुरू होतो आणि खरी अडचण दहा मिनिटांनी, डिस्क निवडताना, समोर येते.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. हा संगणक पात्र नाही असा संदेश आला तर नवीन भाग विकत घेण्याची घाई करू नये. इंटेलच्या बोर्डांवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने ही सोय बायॉसमध्येच असते. ती चालू करावी, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. ही अट चुकवण्याच्या युक्त्या आहेत, परंतु नव्याने जोडलेल्या यंत्राला त्यांची गरज पडू नये. जुना प्रोसेसर असल्यामुळे अट पूर्ण होतच नसेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी पाठबळ संपलेल्या विंडोज १० पेक्षा लिनक्स बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

डिस्क दिसत नाही, किंवा दिसूनही स्वीकारली जात नाही

बायॉसमध्येही डिस्क दिसत नसेल तर ती जोडणीची बाब आहे. एम-२ प्रकारची एसएसडी सॅटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींची असते आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या असतात; काही खोबण्या यांपैकी एकच जात स्वीकारतात. काही बोर्डांवर एम-२ खोबण भरली की एक-दोन सॅटा पोर्ट आपोआप बंद होतात. दोन्हींचा खुलासा मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो आणि ती पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

बायॉसमध्ये दिसणारी डिस्क विंडोजच्या सेटअपमध्ये मात्र गायब असेल, आणि प्रोसेसर इंटेलच्या अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा असेल, तर व्हीएमडी हा पर्याय पाहावा. तो चालू असला की डिस्क एका वेगळ्या नियंत्रकाच्या आड जाते आणि सेटअपजवळ त्याचा ड्रायव्हर नसल्यास ती दिसत नाही. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणे) वापरायचे नसेल तर घरच्या यंत्रावर व्हीएमडी सरळ बंद करावे. ज्यांना ते चालू ठेवायचे आहे त्यांनी मदरबोर्डच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, झिप उलगडून, फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा आणि सेटअपमधील ‘लोड ड्रायव्हर’ वापरावे.

डिस्क दिसते पण एमबीआर या जीपीटीआधीच्या जुन्या पद्धतीची असल्याने विंडोज नकार देते, हा प्रकार जुन्या संगणकातील डिस्क नव्यात लावणाऱ्यांच्या वाट्याला हमखास येतो. डिस्कवर काही हवे असेल तर ते आधी दुसरीकडे काढून घ्यावे. मग शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी उघडावी, डिस्कपार्ट सुरू करावे आणि लिस्ट डिस्क ही आज्ञा द्यावी. येथे थांबून नीट वाचावे. ५१२ जीबीची डिस्क ४७६ जीबी आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी अशी दिसते, पेनड्राइव्हही याच यादीत असतो, आणि क्रमांक दरवेळी तेच राहतील याची खात्री नसते. आकारावरून डिस्क ओळखूनच सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, त्यानंतर क्लीन, त्यानंतर कन्व्हर्ट जीपीटी अशा आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्याव्यात. क्लीन ही आज्ञा ‘नक्की का?’ असे विचारत नाही.

दोन डिस्क असतील तर विंडोज बसेपर्यंत दुसरीची केबल काढून ठेवावी, असे मी आवर्जून सांगेन. सेटअप अनेकदा सुरुवातीच्या बूट फाइली जुन्या डिस्कवरील आधीच असलेल्या ईएफआय भागात ठेवतो आणि विंडोज मात्र नव्या एसएसडीवर उतरवतो. त्या वेळी सर्व काही सुरळीत दिसते. काही महिन्यांनी जुनी डिस्क काढली की धडधाकट एसएसडी असूनही यंत्र सुरू होत नाही.

फाइली उतरताना काम थांबले तर

टक्केवारी पुढे सरकत असताना मध्येच त्रुटी आली, विशेषतः ८००७०५७० किंवा ८००७०२५डी हे क्रमांक दिसले, तर वाचलेली माहिती खराब आहे एवढाच त्याचा अर्थ. ती पेनड्राइव्हवर खराब असेल, रॅममधून जाताना बिघडत असेल किंवा डिस्कवर नीट लिहिली जात नसेल. दुसरा पेनड्राइव्ह तयार करून पाहावा. त्रुटी दरवेळी वेगवेगळ्या टक्क्यांवर येत असेल तर रॅमवर संशय बळावतो. अशा वेळी एकच पट्टी ठेवून प्रयत्न करावा, मग दुसरी. आणि रॅम तपासणारे मेमटेस्ट-८६ रात्रभर चालवावे. त्यात एकही लाल ओळ आली तरी ती पट्टी सदोष समजावी.

नागपुरात मेअखेरीच्या वादळात दिवे गेले आणि सेटअप अर्धवट राहिला, तर तो तिथूनच पुढे चालू ठेवण्याचा प्रयत्न न करता त्या डिस्कवरील सर्व भाग पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी. बायॉस अद्ययावत करण्याचे काम मात्र यूपीएसशिवाय करूच नये, कारण ते मध्ये तुटले तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

पहिल्या रीस्टार्टनंतर

फाइली उतरून यंत्र पुन्हा सुरू झाले आणि पुन्हा पहिलाच पडदा आला, तर ते पेनड्राइव्हवरूनच सुरू झाले आहे; पेनड्राइव्ह काढावा किंवा बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर न्यावा. खाते तयार करण्याच्या टप्प्यावर इंटरनेट सापडत नसेल तर नव्या बोर्डावरील वायफायचा किंवा लॅनचा ड्रायव्हर विंडोजजवळ नाही. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) चालू केले की तेवढ्यापुरते काम भागते. उबंटूसारखे लिनक्स बसवताना एनव्हिडियाच्या कार्डामुळे पडदा काळा राहिला, तर बूटच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द जोडून सुरुवात करावी.

इतके करूनही काम होत नसेल तर दुकानात जाणे भाग आहे, पण रिकाम्या हाताने जाऊ नये. सर्व बिले, प्रोसेसर आणि रॅमची खोकी, संदेशांचे फोटो आणि कोणती पट्टी कोणत्या खोबणीत असताना काय झाले याची चार ओळींची टिपण बरोबर न्यावी. सेटअपची नोंदवहीही मिळवता येते: शिफ्ट आणि एफ-१० दाबून उघडलेल्या खिडकीतून नोटपॅड सुरू करून एक्स ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात पँथर या नावाचा फोल्डर शोधावा आणि त्यातील सेटअपएरर व सेटअपअ‍ॅक्ट या दोन फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात. रॅम बदलून मागायची असेल तर एका पट्टीवर मेमटेस्टमध्ये आलेल्या त्रुटींचा फोटो हा सर्वांत पक्का पुरावा असतो, आणि संचातील दोन्ही पट्ट्या एकत्रच परत द्याव्यात, कारण कंपन्या दोन पट्ट्यांचा संच सहसा जोडीनेच बदलून देतात.