घरी कारची बॅटरी काढताय? मग या चुका टाळा

सकाळी चावी फिरवली आणि गाडी नुसती टक-टक करतेय म्हणजे बॅटरी गेली, असं नसतं हो. पण आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार माणसं जमली की पहिला निकाल हाच, "नवीन टाका". इथे अर्धी जनता आठवडाभर लोकलने जाते, गाडी रविवारी डीमार्टपर्यंत, त्यात डॅशकॅम चोवीस तास चालू, मग बॅटरी उतरणारच ना. उतरलेली आणि मेलेली यात फरक आहे, आणि तो कळायला तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) पुरतो.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी स्टार्ट न करता बॅटरीचे व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावा. गाडी फिरवून आणल्या आणल्या मोजू नका, आकडा उगाच चांगला दिसतो. मग कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, तेव्हा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घ्या (चार्ज केलेली असूनसुद्धा, हे महत्त्वाचं). इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. काही नवीन गाड्यांत कॉम्प्युटर हे खालीवर करतो, पण बाराच्या घरातच अडकून बसलं असेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) दाखवा, नाहीतर नवीन बॅटरीपण आठवड्यात उतरेल.

आणि हे सगळं करायच्या आधी टर्मिनल (बॅटरीवर वायर आवळलेली असते ते टोक) हलवून बघा! हाताने फिरतंय? मग तेच दुखणं. आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर पांढरी-हिरवी पावडर लवकर धरते. मी कोमट पाण्यात खायचा सोडा आणि जुना टूथब्रश घेतो, झाकणं घट्ट लावून घासतो, पुसून कोरडं करतो, टर्मिनल आवळतो आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली फासून मग आवळणारे पण आहेत, मला ते पटत नाही.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार. प्लस आधी काढणे.

आमच्याच विंगमधल्या एका काकांचा भाचा आला होता, फोनवर रील बघून आलेला, हातात दहा नंबरचा लांब पाना. मी गॅलरीतून "मायनस आधी, मायनस आधी" ओरडतोय तोवर त्याने लाल झाकण उघडून प्लसचा नट सैल करायला घेतला, पान्याचं दुसरं टोक बाजूच्या पत्र्याला लागलं आणि फाडकन ठिणग्या. पाना तिथेच चिकटला, वेल्डिंग केल्यासारखा. काकांनी पायातली स्लीपर काढून पान्यावर हाणली तेव्हा सुटला. पत्र्याला काळा खड्डा, पान्याचं टोक वितळलेलं. बोटात अंगठी होती त्याच्या, ती मधे आली असती तर काय झालं असतं याचा विचारच नको. आणि साहेब काय म्हणतात, "रीलमध्ये तर आधी लालच काढली होती."

गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. मायनस जोडलेली असताना पाना प्लसवर आहे आणि पत्र्याला टेकला, की सरळ शॉर्ट, शेकडो अँपिअर. १२ व्होल्टचा शॉक सुक्या हाताला लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण इथे भीती शॉकची नाही, तापलेल्या लोखंडाची आहे. त्यात चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो. म्हणून काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. घड्याळ, अंगठी, कडं बाजूला ठेवा, चष्मा घाला, आणि सुटलेली मायनसची वायर फडक्यात गुंडाळून लांब सारा, ती परत उडी मारून टर्मिनलवर बसते. एवढाही धीर नसेल तर मेकॅनिकला बोलवा, लाज कसली त्यात?

बाकीच्या चुका पटापट:

पाणी टाकायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, कितीही गोड लागलं तरी. ॲसिड तर वरून टाकूच नका.

इंजिन चालू ठेवून बॅटरी काढून अल्टरनेटर "चेक" करणं जुन्या गाड्यांत खपून गेलं, आता ईसीयूचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा, बळी जाईल.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देताना शेवटची काळी क्लिप उतरलेल्या बॅटरीच्या मायनसवर नाही, तिच्यापासून लांब इंजिनच्या उघड्या लोखंडाला.

स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत स्वस्तातली साधी बॅटरी बसवू नका, लवकर निकामी होते.

बॅटरी जागेवर घट्ट धरणारी खालची पट्टी लावायचा कंटाळा करू नका. घोडबंदरचे खड्डे बॅटरी आतून खिळखिळी करतात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, नवीन घेताना दुकानदार एक्स्चेंजमध्ये नवीनच्या किमतीतून पैसे कमी करतो. नेताना डिकीत खाली जाड प्लास्टिक टाका आणि ती उभीच ठेवा, आडवी झाली तर ॲसिड कार्पेट खाऊन टाकेल.