नाशिकमधील अल्पसंख्याक समाजांतील पहिल्या वकील-न्यायाधीशांची नोंद कशी करावी

नाशिक जिल्ह्यात वकिलीची सनद घेणारे आणि न्यायासनावर बसणारे मुस्लिम, पारशी, ख्रिस्ती, जैन व बौद्ध समाजांतील सुरुवातीचे पुरुष कोण होते, याची विश्वसनीय नोंद करायची असेल, तर नावे गोळा करण्यापूर्वी नोंदीची मर्यादा लिहून काढावी. केंद्र सरकारने 1993 साली मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी यांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आणि 2014 साली त्यांत जैनांची भर घातली. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या वकिलाला आजच्या वर्गात घालताना आपण तसे करीत आहोत, हे स्पष्ट सांगावे. अनुसूचित जातींतील वकिलांसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, कारण 1956 च्या धर्मांतरापूर्वीची आणि नंतरची एकाच घराची नोंद वेगवेगळी आढळेल. राज्याची सीमाही ठरवून घ्यावी. पुढे 1968 साली भारताचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होते. नाशिक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होते.

प्रत्येक व्यक्तीपुढे सनदेचा प्रकार, तिची तारीख, न्यायालय, पद आणि ते पद कायम होते की हंगामी, एवढे तपशील असलेच पाहिजेत. बद्रुद्दीन तय्यबजी 1867 साली मुंबईतील पहिले भारतीय बॅरिस्टर झाले, 1895 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 1902 मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले. त्याच न्यायालयाचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायाधीश होण्याचा मान मात्र 1947 साली एम. सी. छागला यांना मिळाला. ‘हंगामी’ हा शब्द गाळला, तर या दोघांपैकी एकावर अन्याय होतो. वकिलांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी, कारण 1961 च्या अधिवक्ता कायद्यापूर्वी बॅरिस्टर, वकील, प्लीडर आणि मुखत्यार यांचे अधिकार वेगवेगळे होते, आणि जिल्ह्यापुरती सनद असलेला नाशिकचा प्लीडर उच्च न्यायालयाच्या यादीत सापडणार नाही.

साधनांची सुरुवात 1883 च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरमधील न्यायव्यवस्थेच्या प्रकरणापासून करावी. 1876 पासून निघालेल्या ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालिकेत निकालासोबत युक्तिवाद करणाऱ्यांची नावे छापलेली असतात, परंतु नाशिकचा दावा अपिलात गेल्यावर तिथे बहुधा मुंबईच्या वकिलाचे नाव येते. मूळ दावा चालवणाऱ्याचे नाव वकीलपत्रावर असते. त्यासाठी दाव्याचा क्रमांक, वर्ष आणि पक्षकारांची नावे देऊन सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात नकलेसाठी अर्ज करावा लागतो. जुने कागद नियमानुसार काही काळाने नष्ट केले जात असल्यामुळे घराघरांतील सनदा, निकालाच्या नकला आणि बार रूममधील छायाचित्रे यांना फार मोल आहे. मालेगावसाठी उर्दू वाचणारी व्यक्ती सुरुवातीपासूनच सोबत घ्यावी, नाहीतर नोंदीतला मोठा भाग केवळ लिपीच्या अडचणीमुळे कोरा राहील.

आडनावावरून समाज ठरवू नये. देशमुख, इनामदार आणि पाटील ही आडनावे मुस्लिम घरांतही आहेत, तर गायकवाड आणि जाधव अनेक जातींत व ख्रिस्ती कुटुंबांतही आढळतात. ती व्यक्ती स्वतःला काय म्हणवीत होती, हे कुटुंबाकडून किंवा तिच्या लेखनातून समजून घ्यावे, आणि हयात वारसांची लेखी संमती घेतल्याशिवाय घरगुती माहिती छापू नये.

माझ्या मते नोंदीचा सर्वांत मोलाचा रकाना कामाचा असतो, आणि बहुतेक याद्यांत नेमका तोच नसतो. टिळकांवरील 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना जामीन दिला तो न्यायमूर्ती तय्यबजी यांनी, आणि जामिनासाठी टिळकांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले होते दिनशा दावर. हेच दावर 1908 मध्ये न्यायाधीश म्हणून बसले असता त्यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. पुढे 1956 मध्ये त्याच न्यायालयात 1908 च्या खटल्यातील टिळकांच्या उद्गारांच्या स्मृतिफलकाचे अनावरण मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते झाले. एक पारशी आणि दोन मुस्लिम न्यायाधीशांचा हा इतिहास केवळ पदांच्या यादीतून कळणे शक्य नाही. डॉ. आंबेडकरांनाही केवळ 1923 पासून मुंबईत वकिली करणारे बॅरिस्टर म्हणून नोंदवून भागणार नाही. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आणि 1937 साली उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागलेला चवदार तळ्याचा निकाल, हे दोन्ही त्यांच्या नोंदीत शेजारी शेजारी यायला हवेत, कारण एकच हक्क ते रस्त्यावर आणि न्यायालयात मागत होते.

ही नोंद पुरुषांपुरती ठेवली, तरी 1866 साली नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा निर्देश प्रस्तावनेत आवर्जून करावा. ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा अभ्यास करूनही केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना वकिलीसाठी अनेक वर्षे ताटकळावे लागले. तो अडथळा 1923 च्या कायद्याने दूर झाला. यादीत फक्त पुरुषच का दिसतात, याचे कारण वाचकाला तिथे सापडेल.

प्रत्येक विधानापुढे ते कागदावरून घेतले की तोंडी माहितीवरून, हे लिहावे. तयार नोंदीची एक प्रत वकील संघाला आणि एक 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी, आणि दुरुस्त्या कोणाकडे पाठवायच्या, हे दोन्ही प्रतींच्या पहिल्याच पानावर छापावे.