प्रोग्रामिंग भाषेत आयपीव्ही६ आणताना : नव्याने येणाऱ्यांसाठी

ऐरोलीतली नोकरी सांभाळून मी एका लहान मुक्तस्रोत प्रोग्रामिंग भाषेच्या नेटवर्क लायब्ररीवर काम करतो. तिच्यात आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४), आणायचे ठरले तेव्हा ३२ बिटांच्या पत्त्याच्या जागी १२८ बिटांचा पत्ता बसवला की काम संपले, असाच बहुतेकांचा समज होता. प्रत्यक्षात पत्त्याची लांबी हा सर्वांत सोपा भाग आहे. खरा वेळ जातो तो जुन्या कोडमध्ये जागोजागी गृहीत धरलेल्या गोष्टी हुडकण्यात.

होस्ट (यंत्राचा पत्ता) आणि पोर्ट (त्यावरच्या सेवेचा क्रमांक) वेगळे करणारे साधे फंक्शन घ्या. पहिला कोलन दिसला की तिथे तोडायचे, हा नियम ‘१२७.०.०.१:८०८०’ला चालतो, पण त्याचेच आयपीव्ही६ रूप, ‘[::१]:८०८०’, समोर आले की त्याच्या हाती फक्त एक उघडा चौकटी कंस लागतो. तीच गत नावावरून पत्ता शोधणाऱ्या जुन्या ‘गेटहोस्टबायनेम’ फंक्शनची, ते आयपीव्ही४पुरतेच विचार करते. त्याऐवजी ‘गेटअॅड्रइन्फो’ वापरले की एका नावाचे अनेक पत्ते मिळतात, आणि त्यांपैकी आधी कोणता वापरून पाहायचा व किती वेळ थांबायचे, हे भाषेलाच ठरवावे लागते. २०१७ च्या आरएफसी ८३०५ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजामध्ये पुढचा पत्ता वापरून पाहण्याआधी २५० मिलिसेकंद थांबण्याची शिफारस आहे. माझ्या मते ही सगळी यातायात जोडणीच्या फंक्शनच्या पोटातच असावी. भाषा वापरणाऱ्याने फक्त नाव द्यावे.

सर्व्हरच्या बाजूला आणखी एक मेख आहे. आयपीव्ही६चे सॉकेट (प्रोग्रामचे जोडणीचे टोक) लिनक्सवर सहसा आयपीव्ही४च्या जोडण्याही स्वीकारते, विंडोजवर काही न बदलल्यास तसे होत नाही, आणि ओपनबीएसडी ही संगणक प्रणाली तर त्याला मुभाच देत नाही. त्यामुळे ‘आयपीव्ही६_व्ही६ओन्ली’ हा सॉकेट फक्त आयपीव्ही६पुरते ठेवणारा पर्याय स्वतःहून चालू करून दोन वेगळी सॉकेट उघडणे बरे. कोड थोडा वाढतो, पण तोच प्रोग्राम सगळीकडे सारखा वागतो.

चाचणीसाठी ‘::१’, म्हणजे आपल्याच यंत्राचा पत्ता, पुरेसा असतो, मात्र बाहेरची जोडणीही तपासावी. ऑफिसच्या जाळ्यावर आयपीव्ही६ नसल्याने मी जिओच्या मोबाइलचा हॉटस्पॉट वापरत असे.

नवख्याने सॉकेटला लगेच हात घालू नये. पत्ते वाचणाऱ्या फंक्शनच्या चाचण्या, म्हणजे कंस, ‘::’मध्ये लोपलेली शून्ये आणि ‘एफई८०’ने सुरू होणाऱ्या, स्थानिक जाळ्यापुरत्या पत्त्यामागचे टक्का चिन्ह, हा पहिला पॅच (कोडमधला बदल) म्हणून उत्तम, तपासणाऱ्यालाही तो एका बैठकीत वाचून होतो.